बँकेतलं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे बाबलकाका मोटरसायकलला किक मारण्यापूर्वी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाला चारचौघांत मोठ्याने घातलेलं मागणं. घालणारा एक, आणि प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा!" म्हणणारे बाकी सगळे. आमच्या वालावल गावात कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या नोकरीचं गाऱ्हाणं काकांनीच घालायचं. मोटरसायकलच्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं काम मात्र माझ्याकडे. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, पण सांगणार कुणाला!

काका स्वतः पक्के शाकाहारी, म्हणून त्यांनी तारकर्लीत शुद्ध शाकाहारी हॉटेल काढलं. माणसं तिथे सुरमई खायला येतात. काका त्यांना दुधीची भाजी वाढायचे. हॉटेल बुडालं, तारण ठेवलेलं घर गेलं, कोर्टाने दिवाळखोर ठरवलं आणि काका आमच्या कुंपणापलीकडे भाड्याच्या खोलीत आले. काकी वेंगुर्ल्याला भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "भाड्याच्या खोलयेत माका रवाक जमाचा नाय. आपलो उंबरो दाखवा, मगे येतलंय."

त्या दिवसापासून काकांना एकच ध्यास, उंबरा. कोर्टाने दिवाळखोरीतून मोकळं केल्यावर त्यांनी कुडाळात खानावळ काढली, या वेळी माशांची. स्वतः चाखत नाहीत. तिखटमीठ बघायला मी जातो. ही जबाबदारी मी कधी टाळलेली नाही. बाजारात पत सुधारावी म्हणून त्यांनी फ्रिज मुद्दाम हप्त्यांवर घेतला. महिन्याच्या महिन्याला कुंपणावरून ओरडायचे, "मास्तरांनू, स्कोर वाडलो!"

तरी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर दोन बँकांनी 'दिवाळखोर' हा शब्द वाचला आणि फाईल मिटली. तिसऱ्या बँकेतल्या मॅडम लातूरकडच्या. त्या म्हणाल्या, "काका, तेव्हा काय चुकलं आणि आता काय बदललंय, ते लेखी द्या." मी रात्रभर खपून सुबक अर्ज लिहिला. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला, स्वतःचा कागद काढला आणि मॅडमसमोर उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाबलान मासे खाणाऱ्या लोकांका दुधी वाडलो, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

काउंटरसमोरची अख्खी रांग सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!" मॅडमच्या हातातला शिक्का खाली पडला. ओरडणाऱ्यांत बँकेचा रखवालदारही होता.

"फ्रिजाचो एकय हप्तो चुकाक नाय. तेची बायल वेंगुर्ल्याक आसा, तिका तिच्या घरात आणूची बुद्धी ह्या मॅडमांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी त्यात मीही होतो.

मॅडमनी हसू दाबत कोर्टाचा हुकूम पाहिला, खानावळीचे कागद तपासले. कर्ज मंजूर झालं ते त्या कागदांवर, हे मी काकांना सांगून सांगून थकलो. दोन खोल्यांपुरतं का होईना, झालं.

दाराची चौकट बसवायच्या दिवशी सगळी वाडी जमली. काका चौकटीसमोर हात जोडून उभे राहिले. मोटरसायकलशी बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे भरून आले होते. इतकी वर्षं हा माणूस त्या भाड्याच्या खोलीत एकटा जेवत होता, हे मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

एवढ्यात मागून आवाज आला. वेंगुर्ल्याहून पहिल्या एसटीने काकी आल्या होत्या. हातातली कपड्यांची पिशवी त्यांनी खाली ठेवली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. काकींनी घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या घोवाक परत दुधी रांधूची बुद्धी देवू नको रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडणार, त्याआधीच काका हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."