पोरीला कोड येतं

भूकंपाच्या साली जन्मलेली शिल्पा सव्विशीत आली, तरी ती क्लासात नेमकं काय शिकवते हे तिच्या वडिलांना धड सांगता येत नव्हतं. नागप्पा लातूरच्या डाळमिलीत मुकादम. त्यांच्या या अडखळण्यापायी चार स्थळं हातची गेली होती, आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं.

शिल्पानं किती वेळा समजावलं. "अप्पा, काय करायचं ते ठरवणं म्हंजे प्रोग्रामिंग. ठरलेलं कॉम्प्युटरला कळंल असं लिहून काढणं म्हंजे कोडिंग."

प्रोग्राम म्हटलं की नागप्पांना मंडप अन् जेवणावळच दिसायची. म्हणून त्यांनी दुसरा शब्द पाठ केला, तोही अर्धाच.

पाचवं स्थळ उमरीचं. मुलाच्या आईनं, शिवम्मांनी, फोनवर विचारलं की पोरीचं काही सांगण्यासारखं आहे का. नागप्पांची छाती फुगली.

"तिला कोड येतं की. लहानपणी नव्हतं, क्लास लावला तवापासून."

"वाढतंय का?"

"लई. आता तिच्यापायी चाळीस पोरांना येतंय."

पलीकडे शिवम्मांची मुलाशी कुजबुज सुरू झाली. हेही गेलं, असं नागप्पा धरून चालले. पण शिवम्मा म्हणाल्या, रविवारी येतो.

रविवारी पोहे तसेच निवत राहिले. शिवम्मा शिल्पाचे हात बघत होत्या, मान बघत होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "कोड कुठं हाय?"

"आतल्या खोलीत," नागप्पा म्हणाले. "कॉम्प्युटरमधी."

शिल्पानं कपाळावर हात मारला आणि सगळं उलगडून सांगितलं. नागप्पांना वाटलं, आता पाहुणे सुटकेचा श्वास सोडतील. पण त्यांचे चेहरेच पडले. मुलानं, मन्मथनं, शर्टाची बाही वर सारली. कोपरापर्यंत पांढरे डाग होते.

"कोड लागत न्हाई, हे मला ठाऊक हाय," तो शिल्पाला म्हणाला. "पण पोरीचं कोड असं उघड सांगणारा बाप पहिल्यांदाच ऐकला. म्हणून आलो. चुकलं आमचं, निघतो."

नागप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचवं स्थळ उठत होतं, तेही त्यांच्याच जिभेनं.

"बसा, पोहे गरम करते," शिल्पा म्हणाली. मग ती आणि मन्मथ तासभर बोलत बसले, आणि एकदा तर दोघंही खो खो हसले.

पाहुणे गेल्यावर ती वडिलांपुढे येऊन उभी राहिली.

"अप्पा, काय करायचं ते ठरवणं म्हंजे काय?"

"प्रोग्रामिंग," नागप्पा घाबरत म्हणाले.

"ते माझं झालं. आता कोडिंग तुम्ही करा. लग्नाची पत्रिका लिहायला घ्या."

नागप्पांनी डोळे पुसले आणि चष्मा शोधला. फोनला मात्र त्यांनी हात लावला नाही.