ओळंबा लावलेली राणी

खोंडेकाकांचा तो व्हिडिओ मीच काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर मीच टाकला. मी रोज सकाळी त्या ग्रुपवर सुविचार टाकतो, त्याला कोणी अंगठासुद्धा दाखवत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी माझी दखल घेतली. हे कारण लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. व्हरांड्यात पासष्टी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा. अंगात राणीचा हिरवा, घेरदार, जमिनीवर लोळणारा गाऊन. आमच्या नंदनवन कॉलनीत गाऊन म्हटलं की दूधवाला आल्यावर बायका फाटकापर्यंत घालून येतात तो. हा तसा नव्हे. याच्या खांद्यांवर कापडी पानं होती आणि मागे चार हात शेपूट. कमरेवरून गवंड्याचा ओळंबा सोडलेला, आणि तो हलायचा थांबावा म्हणून काका श्वास रोखून उभे.

खोंडेकाका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. आमच्या वास्तुपूजनाला त्यांनी आहेराच्या पाकिटाआधी खिशातून टेप काढला आणि बिल्डरने हॉल सात इंचांनी मारल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मला त्या हॉलमध्ये अवघडल्यासारखं होतं. एकदा त्यांनी मलाच फाटकाच्या खांबाला टेकवून मोजलं.

"पाच फूट दोन."

"काका, मी पाच-चार आहे."

"माप खोटं बोलत नाही गा. माणूस बोलते."

लग्नाच्या बायोडाटात मी पाच-चार लिहिलं होतं. माझी बायको वर्षा तेव्हा शेजारीच उभी होती.

तर अशा माणसाने यंदा गाऊन शिवायला घेतला. रविवारी दुपारी टीव्हीवर कुठलासा जादूचा परदेशी सिनेमा हिंदीत लागला होता. त्यात एक जंगलाची राणी पानांचा झगा लोळवत चालत येते. काकांनी चित्र थांबवलं, पडद्यावर फूटपट्टी लावली आणि झग्याचा नकाशा काढला. एका इंचाला सहा इंच. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

"गाऊनला उत्तर कशाला, काका?"

"बाण नसला तं नकाशा कोन मानते?"

कापड कामठीहून आलं. काकूंचं जुनं मशीन व्हरांड्यात आलं. शिवणीला काका बांध म्हणत. एकदा बाही मागून ओढायला लागली, तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाहीनं पाठीवर अतिक्रमण केलं." आणि रीतसर उसवून हद्द कायम केली. खांद्यावरच्या प्रत्येक पानाला उलट्या बाजूने गट नंबर होता.

कॉलनी दोन महिने याच गाऊनवर जगली. सेक्रेटरी दर होळीला बायकोची साडी नेसून चौकात नाचतात. ते म्हणाले, "आपल्या कॉलनीचं काही स्टँडर्ड आहे." मीही मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

काकांना मी एकदाच विचारलं होतं, "पण घालून तुम्ही काहून उभे राहता?"

"मोजणीले दुसरी पार्टी हजर नाही. उंची सारखीच आहे आमची, म्हणून मी उभा आहे."

मी हसलो. ही दुसरी पार्टी कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या गॅलरीतून व्हिडिओ काढला.

हसरे चेहरे धबाधब पडायला लागले. कोणी लिहिलं, "महाराणींचा विजय असो." मी चहा घेत एकेक वाचत होतो. तेवढ्यात स्क्रीनवर एक बारीक ओळ आली. कुंदाकाकू ग्रुपमधून बाहेर पडल्या.

कुंदाकाकू म्हणजे खोंडेकाकू. त्या ग्रुपवर आहेत हे मी विसरलो होतो. खरं म्हणजे त्या शेजारी राहतात हेच मी विसरलो होतो. चार वर्षांत त्या फाटकाबाहेर फारशा दिसल्याच नव्हत्या.

वर्षाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तुम्हाले माहीत नाही काय? काकूंचं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्या टेलरकडे जात नाहीत. कोनी टेप घेऊन समोर आलं की रडतात. जुने ब्लाउज घालत नाहीत. लग्नाकार्याले जाणं सोडलं. येत्या रविवारी नात येऊन राहिली तिच्या वाढदिवसाले. तिनं फोनवर हट्ट धरला, आजीनं जंगलाची राणी व्हायचं. काकू चार वर्षांत पहिल्यांदा हो म्हणाल्या. पण मापाले उभ्या राहणार नाहीत म्हणाल्या, काकांसमोरही नाही. पूर्ण झाला की घालीन म्हणाल्या."

"आणि आता?"

"आता गाऊन कपाटात गेला. आपली अजून थट्टा नको म्हणे."

व्हिडिओ मी पुसला. पण तोवर तो कॉलनीतल्या प्रत्येक फोनमध्ये राहायला गेला होता. दोन दिवस मी मागच्या गल्लीने ऑफिसला गेलो. शनिवारी सकाळी, पायांना कारण न विचारता, खोंड्यांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

काका मशीनला तेल देत होते. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"मले काय सांगतं? माझ्यावर लोकं नोकरीत दगड घेऊन धावले. अन् तुझं हे चुकलं-बिकलं तोंडी आहे. तोंडी गोष्ट खात्यात चालत नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाच फूट दोन नं तू? आमच्या दोघांएवढाच."

"पाच-दोन," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

त्यांनी गाऊन आणला. शर्टपँटीवरूनच मी तो घातला आणि स्टुलावर चढलो. सकाळचे दहा वाजलेले. सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी थांबले, मग आणखी दोघं. एकाने फोन वर केला. मी पोट आत घेतलं आणि ओळंबा थांबायची वाट पाहत उभा राहिलो. काका गुडघ्यांवर बसून खडूने खूण करत होते आणि घेर काही केल्या सरळ येत नव्हता.

"डावीकडं लोंबून राहिलं ते," दारातून आवाज आला. "वाकू नको गा सुनील. सरळ उभा राहा."

काकू पडद्यामागून बाहेर आल्या होत्या. त्यांनी फाटकाकडे एकदा पाहिलं, पदर खोचला, काकांच्या हातातल्या टाचण्या घेतल्या, ओठांत धरल्या आणि माझ्या पायांशी बसून घेर मुडपायला लागल्या.

"काकू," मी वरून म्हणालो, "तो व्हिडिओ मी लोकांना हसवायला टाकला. तुमचा विचारच केला नाही. मला माफ करा."

काकूंनी ओठांतली एक टाचणी काढून घेरात टोचली. त्यांनी हाताने मला जरा उजवीकडे वळवलं.