निळा साडूचा, लाल आपला

साडूच्या दारात निळा ट्रॅक्टर उभा राहिला, त्या दिवसापासून शार्शेनच्या घशाखाली घास उतरेना.

"पुलाव केलाय," त्याची बायको जिपार म्हणाली. "जर्दाळू घालून."

"भूक नाही."

"काल पण नव्हती."

"कालही तो तिथंच उभा होता ना!"

खिडकीतून तो सरळ दिसायचा. कालव्याच्या अलीकडे शार्शेन, पलीकडे ओरोझबाय. ओरोझबाय म्हणजे जिपारच्या थोरल्या बहिणीचा, गुल्सूनचा नवरा. आता साडू म्हटला की थोडीफार खुन्नस आलीच, पण शार्शेनची खुन्नस सासूबाईंच्या पंगतीतून सुरू झालेली होती. तलासच्या त्या सगळ्या खोऱ्यात जावई घरी आला की मेंढी कापतात आणि छातीचा तुकडा जावयाच्या ताटात वाढतात. तो जावयाचा मान. पण मेंढीला छाती एकच असते आणि सासूबाईंना जावई दोन होते. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी तो तुकडा थोरल्या जावयाच्याच ताटात पडत होता आणि शार्शेन शेजारी बसून नळीचं हाड चोखत होता.

ते एकवेळ त्यानं सोसलं असतं. पण या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात अशाच एका पंगतीत शार्शेननं आपला बेत सगळ्यांना रंगवून सांगितला होता. सामुदायिक शेती मोडली तेव्हा वाट्याला आलेल्या त्याच्या जुन्या ट्रॅक्टरनं राम म्हटला होता, आणि एका कंपनीचा निळा, बुटका, अरुंद ट्रॅक्टर त्याच्या मनात भरला होता. राजम्याच्या दोन ओळींमधून अलगद जाईल, सफरचंदाच्या फांद्यांखालून मान न वाकवता निघेल. ओरोझबाय छातीचा तुकडा चावत सगळं ऐकून घेत होता. महिन्याभरात तोच ट्रॅक्टर त्याच्या दारात आला.

"त्याला बाग नाही, राजमा नाही," शार्शेन करवादला. "डोंगरउतारावर नुसता गहू आणि जव. तिथं ते खेळणं काय नांगरणार? माझ्यावर जळतो म्हणून घेतला त्यानं."

"मग तुम्हीही निळाच घ्या. आपल्या शेताला तोच बरा."

"आणि लोकांनी म्हणावं, शार्शेननं साडूची नक्कल केली?"

"कल्पना तुमचीच होती ना?"

"ते लोकांना काय माहीत! लोकांना दारातला ट्रॅक्टर दिसतो, डोक्यातला दिसत नाही."

जिपारनं पुलावावर झाकण ठेवलं आणि गायींची धार काढायला निघून गेली.

शहराबाहेरच्या बाजारात तीन रांगांत ट्रॅक्टर उभे होते, निळे, लाल आणि हिरवे. साबिर नावाचा विक्रेता सूर्यफुलाच्या बिया सोलत शार्शेनजवळ आला.

"शेती काय आहे तुमची?"

"सगळं थोडं थोडं. राजमा, बटाटे, लसूणघास, सफरचंदाची बाग, मेंढ्या, चार गायी, दोन बैल."

"मग काय विचारच नको. निळा."

"निळा सोडून बोला."

"का? निळ्यात खोट काय?"

"निळ्यात खोट नाही."

साबिरनं टरफल थुंकलं आणि गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "भाऊ, की शेजारी?"

"साडू."

"अरे बापरे. मग लाल बघा. पार्ट कुठल्याही बाजारात मिळतो, बिघडला तर हातोडीनं सुधारतो."

"निळ्यापेक्षा मोठा आहे ना?"

"दीडपट. दोन निळे याच्या मागं बांधा, ओढत नेईल."

"आवाज?"

"अख्ख्या गावाला कळेल तुम्ही कुठं आहात ते. नाहीतर मग हिरवा घ्या. केबिन आहे, आत गार हवा, गादीची खुर्ची."

शार्शेन हिरव्याच्या केबिनमध्ये चढून बसला. बसल्या बसल्या त्यानं काचेतून बाहेर पाहिलं, आणि लगेच खाली उतरला. "नको. यात बसलो तर मी दिसणारच नाही त्याला."

लाल ठरला. पण शार्शेन अगदीच खुळा नव्हता. विसार देऊन त्यानं ट्रॅक्टर आठवडाभर शेतात चालवून बघायला मागितला. जमलं तर ठेवायचा, नाहीतर परत. साबिर हो म्हणाला. शेताला कुठला बरा हे त्याला माहीत होतं, पण गिऱ्हाईकाला कुठला बरा हेही माहीत होतं.

गावात शिरल्यावर शार्शेननं सरळ रस्ता सोडला आणि कालव्याला वळसा घालून, साडूच्या दारावरून, अगदी हळू ट्रॅक्टर नेला. तो घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. नवी सून असो, नवं बाळ असो की नवं यंत्र, तिथं पहिल्यांदा बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. कुणी साखर आणली, कुणी टॉवेल, कुणी नोट हातावर ठेवली. बायकांनी इंजिनावर मूठमूठ गोळ्या-चॉकलेटं उधळली. मग काठी टेकत गावातले सगळ्यात वडीलधारे बेइशे आजोबा आले आणि आल्या आल्या त्यांनी हुंगून पाहिलं, चूल पेटली आहे का.

"अहो, सांगा ना सगळ्यांना," जिपार कानाशी पुटपुटली. "नुसता बघायला आणलाय म्हणून."

शार्शेन सांगणारच होता. त्यानं घसाही साफ केला. तेवढ्यात फाटकातून ओरोझबाय आत आला. त्यानं लाल ट्रॅक्टर पुढून पाहिला, मागून पाहिला, मागच्या चाकाशेजारी उभं राहून आपली उंची पाहिली. त्याचा चेहरा पडला होता. वीस वर्षांत शार्शेननं इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"घेतलास?" ओरोझबायनं विचारलं.

"घेतला!" शार्शेन म्हणाला.

झालं. मेंढी कापली गेली. ओरोझबायनं नवाकोरा चाबूक आणला होता, तो त्यानं स्टिअरिंगला बांधला. "चढावर अडला तर लागेल," असं म्हणून तो हसला, पण हसणं काही जमलं नाही. जेवणं झाल्यावर बेइशे आजोबांनी दोन्ही तळहात वर केले. "हा या दारात आला, या दारातच राहो. याच्या चाकाखाली बरकत येवो. हा दुसऱ्या दारात न जावो. ओमिन!"

"ओमिन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. शार्शेननंही फिरवले आणि तोंडावर हात असतानाच त्याला कळलं, की आपण काय करून बसलो.

दुसऱ्या दिवशी लाल ट्रॅक्टर बागेत शिरला आणि कळ्यांनी लगडलेल्या तीन फांद्या घेऊन बाहेर आला. राजम्याच्या शेतात वळायला त्याला अर्धं शेत लागलं, आणि उरलेलं वळण लसूणघासात घ्यावं लागलं. गोठ्याशी मागे घेताना कोपऱ्याचा खांब गेला. गायी बिथरल्या, त्यांनी दूध चोरलं. शार्शेन तसाच तडक साबिरकडे गेला.

"दुआ झाली का?" साबिरनं पहिला प्रश्न विचारला.

"झाली."

"मेंढी कापून?"

"हो."

"मग कसा घेऊ, दादा? दुआ लागलेली वस्तू परत घेतली तर माझ्या धंद्याची बरकत जाईल. उरलेले पैसे कधी आणताय?"

दोन बैल आणि जिपारचा गालिचा विकून उरलेले पैसे आणले. आता परत करायची सोय राहिली नाही, तेव्हा कौतुक करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रोज सकाळी कालव्यावर दोघं साडू समोरासमोर तोंड धुवायचे.

"काय म्हणतोय लाल?"

"लोण्यातून सुरी जावी तसा जातो. निळा?"

"उडतो नुसता. उतारावर धरून ठेवावा लागतो."

हे मात्र खरं होतं. उतारावर नांगर लावला की निळ्याची पुढची चाकं उचलली जायची. शार्शेननं एकदा झाडाआडून ते डोळे भरून पाहिलं होतं. ओरोझबाय बॉनेटवर चढून बसला होता आणि गुल्सून ट्रॅक्टर चालवत होती. त्या रात्री शार्शेन पोटभर जेवला. पण सकाळी आपल्या बागेत निघाला आणि आणखी एक फांदी गेली.

दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघांच्याही तोंडून ती निघत नव्हती. जो आधी विचारेल तो हरला. राजमा पेरायची वेळ तोंडावर आली. आठवडा उलटला असता तर वर्ष गेलं असतं.

"आज ताई भेटली होती," भाकरी थापता थापता जिपार सहज म्हणाली. "दाजींचं काही खरं नाही म्हणे. झोपेत लाल, लाल असं बरळतात."

शार्शेनचा चमचा थांबला. "खरंच?"

"जेवत पण नाहीत. ताई रडत होती. म्हणाली, तुझा नवरा मोठ्या मनाचा, चार दिवस लाल वापरायला दिला तर माणूस वाचेल. पण मीच म्हटलं, ते नाही देणार."

"का नाही देणार? मी काय त्याच्यासारखा आहे?"

नेमकं त्याच वेळी कालव्यापलीकडे गुल्सून ओरोझबायला पाव वाढताना सांगत होती, की शार्शेन भावजी झोपेत निळा, निळा असं बरळतात. पण हे शार्शेनला पुष्कळ दिवस कळलं नाही.

सकाळी दोघं कालव्यावर आले. आज दोघांच्याही तोंडावर दयाळूपणा ओसंडत होता.

"साडूभाऊ," शार्शेन म्हणाला, "उताराचं काम आहे तुमचं. पेरणी होईतो माझा लाल घेऊन जा."

"अरे, मीच म्हणणार होतो," ओरोझबाय म्हणाला. "माझा निळा ने. बागेत तुला सोपं पडेल. आपण काय परके?"

आणि मग काय सांगावं! निळा राजम्याच्या शेतात असा गेला की एक ढेकूळ इकडचं तिकडे झालं नाही. बागेत फांद्यांखालून निघाला. गायींनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरू लागल्या. शार्शेनचा दिवस सोन्याचा गेला. जिपारनं केलेला पुलाव त्यानं दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी त्यानं सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. कालव्यापलीकडच्या उतारावर लाल ट्रॅक्टर तीन फाळांचा मोठा नांगर ओढत चढत होता. काळी माती दोन्ही बाजूंना उलटत होती, आणि सीटवर ओरोझबाय ताठ बसला होता. बांधावर माणसं जमून बघत होती.

"माझ्याकडे असा का नाही चालला तो?" शार्शेन म्हणाला.

"आपल्याकडे उतार कुठाय?" जिपार म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, की थोरल्या साडूनं मेंढी कापली आहे. त्याच्या दारात लाल ट्रॅक्टर दिसला तेव्हा गाव साखर-टॉवेल घेऊन बघायला लोटलं होतं, आणि इतकी माणसं दारात आल्यावर हा उसना आहे असं सांगायला ओरोझबायची जीभ रेटली नाही. शार्शेनला ते लगेच समजलं. त्याची तरी कुठं रेटली होती?

आपलाच ट्रॅक्टर पहिल्यांदा बघायला जायचं, तेही रिकाम्या हातानं नाही. शार्शेननं लालवरून सोडून ठेवलेला तो चाबूक कोनाड्यातून काढला आणि जाऊन लालच्या स्टिअरिंगला बांधला.

"हा तर मी..." ओरोझबाय म्हणाला.

"चढावर अडला तर लागेल," शार्शेन म्हणाला.

बेइशे आजोबांनी तळहात वर केले. "हा या दारात आला, या दारातच राहो..."

"आजोबा!" शार्शेनला राहवेना. "हे तर तुम्ही माझ्या दारात म्हणाला होतात!"

"तेव्हा मी तुझ्या घरचं जेवलो होतो," आजोबा शांतपणे म्हणाले. "निळ्याचं उद्या तुझ्याकडे करू. मेंढी जरा तरणी बघ. ओमिन!"

"ओमिन!" गाव म्हणालं. दोघी बहिणींनी सगळ्यांत आधी तोंडावरून हात फिरवले.

मग पानं वाढली. आज ओरोझबाय यजमान होता, त्यामुळे पंगतीत जावई म्हणून शार्शेन एकटाच. गुल्सूननं छातीचा तुकडा, गरम, चरबीनं लकाकणारा, सरळ त्याच्या ताटात वाढला. वीस वर्षांनी! शार्शेननं तो उचलला, तोंडाशी नेला आणि त्याची नजर दाराबाहेर गेली. उन्हात लाल ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता. आपल्याकडे असताना तो इतका लाल नव्हता. शार्शेनचा हात खाली आला.

समोर ओरोझबायही जेवत नव्हता. त्याच्या हातात नळीचं हाड होतं आणि त्याची नजर शार्शेनच्या ताटातल्या तुकड्यावर खिळली होती.

"खा ना," ओरोझबाय कसाबसा म्हणाला.

"तुम्ही खा ना," शार्शेन म्हणाला.

बेइशे आजोबांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हात लांब करून त्यांनी तो तुकडा आपल्या ताटात घेतला.