निळ्या दाराचा पत्ता

सन १९९८. माझं वय तेव्हा बासष्ट. शिरोलीच्या फौंड्रीतनं रिटायर झालो, मंगळवार पेठ सोडली आणि विद्यापीठाच्या मागं स्वतःच्या हिमतीवर दोन खोल्या बांधल्या. त्याच साली शेजारी आप्पा राहायला आला, आणि आमच्या गल्लीत सरळ रस्ता म्हणून उरला नाही.

कारण आप्पाला पत्ता विचारला की तो माणसाला फिरवून आणायचा. आमच्या कोपऱ्यावर उजवीकडं वळलं की समोर विद्यापीठाचं फाटक. नुसता हात केला तरी पुरे. पण आप्पा काठी टेकून उभा राहायचा, पावण्याला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळायचा आणि सांगायचा, "हितनं खाली जावा. पाण्याची टाकी लागंल. तिथनं डावीकडं. मारुतीचं देऊळ आलं की परत डावीकडं. शेवटाला निळं दार दिसंल, तिथं कुणाला बी विचारा."

निळं दार आप्पाचंच. पावणं उन्हातनं वळसा घालून येईतोवर हा बोळातनं घरी पोचलेला, चहाला उकळी आलेली. दारातच ओरडायचा, "बर्री, बर्री! कूडरी!" म्हणजे या, बसा. आप्पा जयसिंगपूरचा लिंगायत. सगळा जन्म शेंगांच्या अडतीवर गेलेला. खुशीत आला की कन्नड सुटायचं.

पावणं चक्रावायचं. "अवो, मगाशी तुम्हीच की ओ पत्ता सांगितला!"

"व्हय की. बरोबर आलासा न्हवं?"

ॲडमिशनच्या दिवसांत तर आप्पाची चंगळ. गडहिंग्लज, चंदगडकडनं बाप लेकींना घेऊन यायचे, हातात पिशवी, काखेत कागद. आप्पा चहा द्यायचा, शेंगदाण्याची चटणी द्यायचा आणि वर सल्ला. "पोरगी फिजिक्स शिकणार म्हणतासा? शिकू दे. पण आदी खाऊ दे."

एकदा पुण्याहून तोंडी परीक्षा घ्यायला आलेले प्रोफेसर त्याच्या तावडीत सापडले. तिकडं परीक्षा द्यायचा गडी साहेबांना शोधत घामाघूम, आणि साहेब इकडं आप्पाच्या सोप्यात मांडी घालून भाकरी मोडतायत! जाताना चटणीची पुडी खिशात. गडी पास झाला. आप्पा म्हणाला, "पोट भरल्यालं माणूस कुणाला नापास करत न्हाय."

मला हे काही पटायचं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण सरळ काय आणि वाकडं काय हे मला कळतं. "लोकास्नी कशाला फिरवतोस रं?" मी विचारायचो.

"तू ये की चहाला. मग न्हाय फिरवत."

मी जायचो नाही. कुणाच्या दारात फुकटचा चहा घ्यायचा नाही, हा माझा नेम.

दुसऱ्या साली कोपऱ्यावर लोखंडी पाटी आली. वर 'विद्यापीठ', खाली उजवीकडं बाण. मी म्हटलं, झ्याक झालं. पावणं पाटी वाचून थेट वळायला लागलं. आप्पा काठी टेकून उभाच. एकाला त्यानं आपणहून हाक मारली, "पावणं, कुठं निघालासा?" त्यानं पाटीकडं बोट केलं आणि गेला. कॉलेजची पोरं तर काय, "आजोबा, लेक्चर हाय," म्हणून पळणारी. पुढं पुढं आप्पा कोपऱ्यावर दिसेनासा झाला.

मग एका संध्याकाळी त्याची सून भिंतीपाशी आली. ती बँकेत, नवरा कारखान्यात, दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीलाच येतात.

"बापूकाका, मामंजींना जरा सांगा की. दुपारचं ताट तसंच झाकल्यालं असतंय."

"का? पोट बिघडलंय?"

"पोट न्हाय ओ. आमच्या घरची जुनी रीत हाय. बाहेरच्या माणसानं घरात कायतरी घेतल्याबिगर ते घास तोंडात घालत न्हाईत. अडतीवर माणसांचा राबता, तिथं कधी अडलं न्हाय. हितं कोण येतंय?"

वहाणा घातल्या आणि निळ्या दारात जाऊन उभा राहिलो. आप्पा भिंतीच्या घड्याळाखाली बसला होता. शेजारी चहाचं भांडं, वर साय धरलेली.

"काय रं बापू?"

"तहान लागलीया."

"पाणी, का चहा?"

"असंल ते दे."

चहा गार ढोण होता. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. मी कप खाली ठेवला आणि आप्पानं झाकलेलं ताट पुढं ओढलं. भाकरी वाळून पापड झालेली. कडाकडा मोडून खायला लागला.

"सुनेनं धाडलं व्हय तुला?"

"मला कोण धाडतंय? तहान लागलीती."

खाता खाता त्यानं वर घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाला, "घड्याळाला चहा पाजता येत न्हाय की बापू."

मी घरी आलो. नेम एकदा मोडला तो मोडला. रोज मोडायचा म्हणजे मग नेम कसला? आणि आप्पाच्या भांड्याला मी एकटा कुठवर पुरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हा घेऊन मी कोपऱ्यावर गेलो. पाटीचे नट ढिले होते. फौंड्रीत राबलेल्या माणसाला ते बघवत नाही. आवळता आवळता पाटी फिरली आणि बाण टाकीकडं झाला. तिकडनंही विद्यापीठ येतंच, जरा लांबनं.

पान्हा कमरेला खोचतोय तोवर एक बाप लेकीला घेऊन आला. पाटी वाचली, टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"असंच जायचं न्हवं ओ?"

"असंच जावा," मी म्हटलं. "टाकीपाशी डावीकडं, देवळापाशी परत डावीकडं. शेवटाला निळं दार दिसंल. तिथं कुणाला बी विचारा."