गावंडेकाकांचा अपग्रेड

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी गावंडेकाका पायात गमबूट घालतात. हातात पिवळे रबरी मोजे, खुर्चीपुढे लाकडी पाट. एवढी तयारी झाली की दार किलकिलं करून जिन्यात तोंड काढतात आणि मोठ्यानं सांगतात, "चालू करतोय हो!" म्हणजे काही बरंवाईट झालंच, तर निदान कशानं झालं हे इमारतीला ठाऊक असावं.

समोरच्या पेंडसेबाई आतूनच उत्तर देतात, "करा. आम्ही आहोत."

या 'आम्ही आहोत'मध्ये धीर कमी आणि टोमणा जास्त असतो. काकांना तो कळत नाही, किंवा कळूनही चालतो.

पर्वतीच्या पायथ्याशी आमची इमारत आहे. मी काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते आणि एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक अडकलेल्या प्रिंटरची जबाबदारी माझी. काकांची ओळखही त्यातूनच झाली. माणूस मूळचा अमरावतीचा. तरुणपणी भोसरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलणं इतकं पुणेरी, की सांगितल्याशिवाय अमरावती कळू नये.

"मॅडम, कारखान्यात एवढी माणसं काम करायची," ते एकदा मला म्हणाले. "त्या सगळ्यांच्या वतीनं घाबरायला मला ठेवलं होतं."

निवृत्तीनंतर त्या सगळ्यांच्या वाटची भीती काका घरी घेऊन आले. कुठलीही गोष्ट सांगा, काका मान डोलावून ऐकतात आणि शेवटी विचारतात, "आणि झालं तर?" काय झालं तर, हे सांगत नाहीत. ते आपण रात्री पडल्या पडल्या ठरवायचं. लग्न त्यांनी केलं नाही. एकदाच मुलगी पाहायला गेले होते म्हणे. मुलगी आवडली, पण त्या घराच्या जिन्याला कठडा नव्हता. काका अर्ध्या जिन्यावरून परतले.

कॉम्प्युटरच्या बाबतीत ही भीती कळसाला पोचलेली होती. काकांचा डेस्कटॉप म्हातारा. तो कधीतरी जाणार, या धास्तीनं ते कित्येक वर्षं अपग्रेडची योजना आखत होते. रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन बसायचे.

"मॅडम, हार्ड डिस्क जुनी झाली की खरखर आवाज करते. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे मरताना सांगून मरते. ही तुमची नवी एसएसडी डिस्क म्हणे आवाजच करत नाही. मग ती मरायला टेकलीय हे कळणार कसं?"

याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

रॅमचंही तेच. मोठी एक घ्यावी की लहान दोन, यावर आम्ही एक अख्खा पावसाळा घालवला. एक गेली तर दुसरी आहे, म्हणून दोन बऱ्या, असं काकांचं मत. मी सहज बोलून गेले, "कधीकधी दोन्ही बरोबरच जातात हो." काकांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं मी कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलले.

घरात त्यांनी जादा माउस, जादा कीबोर्ड, जादा वायरी डांबरगोळ्या घालून ठेवल्या होत्या. एकच गोष्ट जादा नव्हती, ती म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा तो पत्र्याचा डबा. "त्यात करंट साठून राहतो," काका म्हणायचे. "तो घरात ठेवून झोप कशी लागेल?"

आणि नेमका तोच गेला.

शनिवारची सकाळ होती. खालून 'फट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ जळकट वास जिन्यानं वर चढला. मी दार उघडते तोवर काका दारात. पायात गमबूट, हातात मोजे, चेहरा पांढराफटक.

मला आधी हसू आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं होतं. वाटलं, आता सुटले एकदाचे. पण काका हसण्यातले दिसत नव्हते.

"मॅडम, आज चालू झाला पाहिजे."

"अहो काका, सोमवारी बघू या की. तेवढ्यात तुमचा तो अपग्रेडही..."

"सोमवारी नाही. आज."

ज्या माणसानं रॅमवर एक पावसाळा काढला, त्याला आज दोन दिवस थांबवत नव्हतं. हे मला काही बरं वाटलं नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली.

काकांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं, दवाखान्यात लेकरू न्यावं तसं. एरवी माझ्या मागे बसले की ते सगळा रस्ता "बस आली, डावीकडून बस आली" असं सांगत असतात. त्या दिवशी स्वारगेटच्या चौकात खरोखरच एक बस अगदी कोपराला लागून गेली. काका काही बोलले नाहीत. मीच घाबरले, बसपेक्षा त्यांच्या गप्प बसण्याला.

बुधवार पेठेतल्या गल्लीत आमच्या माहितीचं एक दुकान आहे. दुकानदारानं कॅबिनेट उघडलं, नाक जवळ नेलं आणि म्हणाला, "गेला."

"पूर्ण गेला?" काकांनी विचारलं.

"अर्धा जात नाही."

त्यानं नवा एसएमपीएस जोडला आणि बटण दाबलं. आतला पंखा दोन वळसे फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जाताना जुन्या एसएमपीएसनं आतलं आणखी काहीतरी बरोबर नेलेलं दिसत होतं. काकांनी काउंटरची कड घट्ट धरली. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

दुकानदारानं दोन्ही रॅम उपसल्या, खोडरबरानं घासल्या, आलटून पालटून लावून पाहिल्या. शेवटी एकीवर पंखा फिरत राहिला.

"एक मेलीय. दुसरी आहे," तो म्हणाला. "चालेल, पण रडतखडत. माझं ऐकाल तर नवीनच घ्या. सोमवारी जोडून देतो. प्रोसेसर, बोर्ड, सगळं नवं. बघायला नको."

काकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या योजनेचा क्षण तो. मी वाट पाहत होते, आता विचारतील, 'आणि झालं तर?'

"रडतखडत चालेल," काका म्हणाले. "आज चालेल ना?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच 'असू दे' म्हटलं.

घरी आलो तेव्हा दुपार टळायला लागली होती. काकांनी कॅबिनेट टेबलाखाली सारलं आणि मोजे न घालता, अनवाणी, एकेक वायर खोचायला लागले. जिन्यात ओरडणं वगैरे काही नाही. घाईत प्लग भोकात जाईना. शेवटी तो मी लावला. बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मशीन डिस्क तपासायला लागलं. आकडा मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होता.

"काका, सांगाल का काय आहे ते?" मी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "माझा मोठा भाऊ अमरावतीला असतो. एकटाच. ऐकू येत नाही त्याला. कानातलं मशीन लावत नाही, डोकं दुखतं म्हणतो. तो माणसाचे ओठ बघतो, त्यावरून त्याला कळतं. मोबाइलवर माझं तोंड केवढं दिसणार? म्हणून हा मोठा पडदा, आणि त्याच्याकडेही तसाच. सकाळी उठलो की मी लावतो. तिकडे फक्त या मशीनचा व्हिडिओ कॉल आपोआप सुरू होतो, त्याला काही करावं लागत नाही. मग दिवसभर चालू असतं."

"दिवसभर काय बोलता?"

"बोलायचं काय? तो पेपर वाचतो, मी पेपर वाचतो. तो जेवायला बसला की मी बसतो. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडला होता. बराच वेळ खुर्चीत परत आला नाही, ते मला इथून दिसलं, म्हणून शेजाऱ्यांना कळवता आलं. आज ते शेजारीही लग्नाला गेलेत. फोनची रिंग त्याला ऐकू येत नाही. सकाळी मी त्याच्याशी बोलता बोलता गेलो, मॅडम. तिकडे त्याला काय दिसलं असेल? मी बोलतोय, आणि एकदम काळोख."

इतके दिवस आम्ही हसत होतो ते कशाला, हे मला तेव्हा कळलं. मी पेंडसेबाईंच्या दाराकडे पाहिलं.

अखेर मशीन सुरू झालं. काकांनी कॉल लावला. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पडदा उजळला.

एक खोली. भिंतीवर कॅलेंडर. मधोमध लाकडी खुर्ची. खुर्ची रिकामी.

"दादा!" काका ओरडले. ऐकू न येणाऱ्या माणसाला ते हाका मारत होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खुर्चीजवळ जमिनीवर एक कप आडवा पडला होता. चहा सांडून वाळलेला. काकांनी पडद्याच्या दोन्ही कडा धरल्या, जणू त्या वाकड्या केल्या की कोपऱ्यातलं दिसेल. मीही त्या कपाकडे बघत राहिले. न्हाणीघर कुठल्या बाजूला असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पडद्याच्या कडेनं एक म्हातारा आत आला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पायात बूट, खांद्याला प्रवासाची बॅग. तो समोरून तसाच निघून चालला होता. अर्ध्यात थबकला. वळला. पडद्याजवळ येऊन डोळे बारीक केले.

"आला का रे तू?" त्यांचा आवाज खोलीभर घुमला. एरवी काका कानाला हेडफोन लावत असणार. आज कुणाला आठवण होती!

"दादा, कुठी चालला होता तू?" काका म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकली.

"पुण्याले. अजून कुठी? तू बोलता बोलता गायब झाला. मले वाटलं..." दादांनी दाराकडे बोट केलं. "रिक्षावाला बाहेर उभा हाय. गॅस बंद केला का नाई, ते पाहाले आत आलो."

"एकटा? तुले गाडीतलं काही ऐकू येत नाई अन् तू एकटा निघाला?"

"मंग काय करू? बसून राहू?"

"मशीन बंद नाई केली?"

"कायले बंद करू? मी तिकडे निघालो अन् तू इकडे आला त मंग?"

काकांनी नुसतेच ओठ हलवले, आवाज न काढता. दादा मात्र त्या ओठांकडे बघून मान डोलावत होते. मग ते खुर्चीत बसले, बूट घातलेलेच, बॅग मांडीवर, आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोन?"

"वरच्या मजल्यावरच्या मॅडम हायत. यायनंच चालू करून देल्लं."

दादांनी मला हात जोडले. कॅमेऱ्यामुळे तो नमस्कार माझ्या जरा डावीकडे गेला. मीही हात जोडले.

"याच्या मागे लागलोय किती वर्षं," काका माझ्याकडे न बघता पुन्हा पुणेरीत म्हणाले. "इकडे ये म्हणतो, तर घर सोडत नाही. आज बघा, बॅग भरून उभा."

डोळे पुसून त्यांनी दादांना हातानं 'बसून राहा' अशी खूण केली.

"मॅडम, तुमच्या मोबाइलवर तिकिटं निघतात ना? अमरावतीच्या गाडीची?"

"निघतात. कधीचं काढू?"

"आजचं. जातानाचं एक," काका म्हणाले. "येतानाची दोन."