गोजराबाईचे गोंदण आणि वैजयंतीची पदवी

चोरापासून वाचायला पूर्वी कुलूप पुरत असे. आता पाच वर्षांचे शिक्षण लागते. ही प्रगती आहे, याबद्दल दुमत नसावे.

आसेगावच्या वैजयंतीने माहितीशास्त्र आणि सायबर सुरक्षा या विषयांत पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्रच करायला घेतली. वेगवेगळ्या केल्या तर सहा वर्षे, एकत्र केल्या तर पाच. म्हणजे विद्यार्थ्याला एक वर्ष आधीच बेकार होता येते. (माहितीपत्रकात ही सोय वेगळ्या शब्दांत दिली आहे. मी अक्षरे साठीनंतर शिकलो, त्यामुळे छापलेले सगळे खरे मानतो.)

शेवटच्या वर्षाची अट अशी: विद्यार्थ्याने एक घर पूर्ण सुरक्षित करावे. परीक्षक कधीतरी खोटा फोन करतील. घरातल्या कोणी ओटीपी सांगितला, तर विद्यार्थी नापास. वैजयंतीचे घर म्हणजे तिची आजी गोजराबाई आणि आजीचा फोन.

वैजयंतीने आजीला तीन नियम दिले. पासवर्ड कठीण असावा. तो कागदावर लिहू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये.

गोजराबाई नियमाच्या पक्क्या. कठीण पासवर्ड पाठ होईना आणि कागद तर वर्ज्य. म्हणून पोहरादेवीच्या जत्रेत त्यांनी तो हातावर गोंदून घेतला, तुळस आणि विंचू यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

"आजी, हे काय करून ठेवलं वं?"

"कागदावर तं नाई लिवला ना! गोंदण कोनी चोरत नाई. मेल्यावरबी संग येते."

"अवं, पासवर्ड दर तीन महिन्यानं बदलवा लागते!"

गोजराबाईंनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले. "जागा दोन वर्सं पुरते. त्याच्या उप्पर मी काई जगत नाई."

वैजयंतीने आजीला लांब बाह्यांचे पोलके शिवून दिले. (अहवालात याची नोंद 'अतिरिक्त संरक्षक आवरण' अशी आहे.)

परीक्षकांचा फोन आला. बँकेतून बोलतो, खाते बंद होईल, ओटीपी सांगा.

"होऊ दे बंद! तुया मायले माग ओटीपी, मुडद्या!"

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. दोन भाषेसाठी कापले.

आता हे गुण संगणकावर चढवायचे, तर पालकाच्या फोनवर गेलेला ओटीपी लागतो. परीक्षा विभागाच्या कारकुनाने गोजराबाईंना सात वेळा फोन केला. सातही वेळा त्याच्या आईचा उल्लेख झाला. शेवटी वैजयंती रडकुंडीला आली.

"आजी, हा मानूस खरा आहे. आज पाचच्या आत सांग, नाई तं पाच वर्सं पान्यात!"

"कोनालेबी सांगू नको, असं तूच म्हनली. तू कोनी नाई का?" गोजराबाईंनी फोन ओच्यात खोचला आणि त्या शेतात तण निंदायला गेल्या.

पाच वाजून एक मिनिटाने सूचना लागली: पालकांच्या असहकार्यामुळे निकाल राखून ठेवण्यात येत आहे.

म्हातारीने ओटीपी सांगून टाकायला हवा होता, असे तुम्हालाही वाटले असेल. तो कारकून खरा होता, याबद्दल तुम्हाला शंकासुद्धा आली नाही. पण तसे तुम्हाला सांगितले कोणी? मी. आणि तुम्ही मला ओळखतही नाही.

फोन जवळच असू द्या.