लिओनाचा उलटा ऑगर

“विश्वास बसणार नाही तुमचा. नाही बसला तर नाही!” ओरेस्ट हृनचुकने कॉफीचा मग टेबलावर आपटला. “मंगळवारी लिओनाच्या ऑगरने ट्रकमधला गहू परत कोठारात गिळला!”

कॅनडातल्या सस्कॅचवनमधल्या त्या कॉफीच्या दुकानात रोज सकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. लिओना फ्रीझन समोरच बसली होती, डोनटची साखर बोटाने टिपत. ऑगर म्हणजे कोठारातलं धान्य ट्रकमध्ये चढवणारी, आत मळसूत्र फिरणारी लांब नळी. त्याने कोठार रिकामं झालं की ती शेत विकून बहिणीकडे दूर केलोना शहरात जाणार, हे गावाला ठाऊक होतं. ओरेस्टला जरा जास्तच ठाऊक होतं. मैलभरावर तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागल्याखेरीज त्याला आपला चहा गोड लागत नसे.

“घोळ माझाच. झिजलेली पाती वेल्डिंग केली, मळसूत्राचा दांडा नळीत परत सरकवला, पण घाईत वरचं टोक खाली! मोटर चालू केली मात्र, गहू निघाला माघारी. मागोमाग माझी टोपी.”

“टोपीसुद्धा?” म्हाताऱ्यांपैकी हाल्वोरने विचारलं.

“टोपी, आणि मग हिची लाल कोंबडी! नळीभर शिव्या देत गेली आणि कोठारात जाऊन अंडं घातलं.”

“उकडलेलं?”

“चेष्टा सुचतेय लेका तुला! आता सगळं परत खोलायचं. बोल्ट गंजलेत. इतक्या जुन्या ऑगरचं बेअरिंग कुठे मिळतंय? शोधायला वेळ लागणार.”

“किती?” लिओनाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ओरेस्टने मगात पाहिलं. “बर्फ पडेल तोवर. मग रस्ते बंद. म्हणजे... वसंतापर्यंत धरून चाल.”

“आणि गहू हलल्याशिवाय मला हलता यायचं नाही.”

“त्याला आता कोण काय करणार!” ओरेस्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

लिओनाने हात पुसले. “ओरेस्ट, शेतात जन्म गेलाय माझा. मळसूत्र कुठल्याही टोकाने घाल, त्याचा पीळ बदलत नाही. गहू पुढेच जाणार. तो माघारी जायचा तर मोटरच्या पट्ट्याला तिढा द्यावा लागतो, म्हणजे दांडा उलटा फिरतो, आणि तो तिढा तू दिलास, इकडेतिकडे बघत, चोरासारखा. शेडच्या दारात उभी होते मी. तशीच घरात गेले आणि बहिणीला फोन केला, की ऑगर बिघडलाय, वसंतापर्यंत काही जमत नाही.”